ग्रंथालयाची खबर वाचकापर्यंत कशी पोहोचवायची? बडोद्यातल्या महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ग्रंथपाल, साहाय्यक आणि देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी आहे. नवी सेवा सुरू झाली, वेळ बदलली, डेटाबेस आला, पुस्तकं आली, मुदत संपली, असं काहीही झालं तरी ते वाचकाला कळवण्याचं काम शेवटी याच मंडळींवर येतं. प्रश्न ज्या क्रमाने कामात आडवे येतात, साधारण त्याच क्रमाने इथे घेतले आहेत.

फलकावर लावलं, ईमेल पाठवला, तरी वाचक म्हणतो, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." असं का होतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं म्हणजे जागा. सूचना ग्रंथालयाच्या आत लावलेली असते आणि ती ज्याच्यासाठी आहे तो वाचक आत येतच नाही. घरून जर्नल वाचता येतं हे वाचनकक्षात लिहून ठेवलं, तर ते वाचनकक्षात येणाऱ्यालाच कळणार, आणि त्याला तर त्याची गरज कमी.

दुसरं कारण शब्द. ग्रंथालय लिहितं 'ई-संसाधनांची दूरस्थ प्रवेश सुविधा'. वाचकाची तक्रार असते, "घरून पेपर उघडत नाही, पैसे मागतो." या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कळतच नाही. सूचनेचे शब्द टेबलावर येणाऱ्या प्रश्नांतूनच उचला. त्यासाठी टेबलावर एक वही ठेवा आणि आठवडाभर प्रश्न जसेच्या तसे उतरवा.

तिसरं कारण वेळ. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध कसे शोधायचे हे जूनमध्ये सांगितलं तर ऑक्टोबरपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार? सारांश लिहायला बसण्याच्या आठवड्यात सांगितलं तर त्याच दिवशी वापरलं जातं.

सगळ्यात आधी कोणाला कळवायचं?

आपल्याच माणसांना. दारावर ओळखपत्र पाहणारे भाई, देवघेवीवरच्या बेन, झेरॉक्सवाला, संध्याकाळच्या पाळीतला तात्पुरता मुलगा, या सगळ्यांना सूचना बाहेर जाण्याच्या किमान एक दिवस आधी तोंडी आणि लेखी कळली पाहिजे. वाचक फोनवर निरोप वाचतो आणि दारावर विचारतो, "आज रात्री अकरापर्यंत आहे ना?" तिथे "मला नाही माहीत" असं उत्तर मिळालं की तो पुढचे चार निरोप न वाचताच पुसतो. टेबलाच्या आतल्या बाजूला, वाचकाला दिसणार नाही असा एक कागद चिकटवून ठेवा: आज काय बदललं आहे, वाचकाने विचारलं तर काय सांगायचं, आणि ठाऊक नसेल तर कोणाकडे पाठवायचं. या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

सूचना लिहायची कशी?

हा मसुदा बघा: 'सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की परीक्षा कालावधीत ग्रंथालयाच्या वाचनकक्षाच्या वेळेत वाढ करण्यात आलेली असून सर्वांनी याचा लाभ घ्यावा.' वाढ किती? कधीपासून? पुस्तकंही मिळणार का? यातलं काहीच कळत नाही. तेच असं लिहा:

'वाचनकक्ष रात्री ११ पर्यंत उघडा. सोमवार ६ एप्रिल २०२६ ते शनिवार २ मे २०२६. पुस्तकांची देवघेव मात्र संध्याकाळी ६ लाच बंद होईल. रात्री ८ नंतर मागच्या दाराने या, ओळखपत्र सोबत ठेवा.'

फोनच्या पडद्यावर न उघडता पहिले चाळीसेक अक्षरंच दिसतात, म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात हवी. 'आजपासून', 'उद्या', 'पुढच्या सोमवारी' हे शब्द टाळा, कारण निरोप पुढे ढकलला जातो आणि तिसऱ्या दिवशी वाचणाऱ्याचा 'उद्या' वेगळा असतो. तारखेसोबत वार लिहा. वार आणि तारीख जुळत नसेल तर चूक लगेच कोणाच्या तरी नजरेला येते, नुसती तारीख चुकली तर येत नाही. आणि जे मिळणार नाही तेही स्पष्ट लिहा. वरच्या नमुन्यात देवघेवीचं वाक्य नसतं, तर रात्री नऊ वाजता टेबलावर वाद ठरलेलाच.

कोणत्या भाषेत लिहायचं? गुजराती, इंग्रजी की मराठी?

बडोद्यात हा प्रश्न जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यात ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, आणि १९१२ मध्ये इथून निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. म्हणजे तीन भाषांतून ग्रंथालयाची खबर देणं या शहराला नवं नाही.

व्यवहारात असं करा. वेळा, बंदचे दिवस, नियम आणि दंड हे इंग्रजी आणि गुजरातीत. मराठी पुस्तकांचं प्रदर्शन, मराठीची नवी खरेदी, मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांसाठीची सत्रं हे मराठीतही. तिन्ही भाषांचा मजकूर एकाच फलकावर असेल तर प्रत्येक भाषेचा वेगळा चौकोन करा. ओळीआड भाषा बदलली की कोणीच पूर्ण वाचत नाही. वेळ आणि तारीख मात्र सगळीकडे एकाच प्रकारच्या अंकांत ठेवा.

भाषांतर करताना दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द जपून वापरा. गुजरातीत 'रजा' म्हणजे सुट्टीसुद्धा, मराठीत रजा माणूस घेतो आणि ग्रंथालयाला सुट्टी असते. गुजराती 'चोपडी' म्हणजे पुस्तक, मराठी वाचकाला ती हिशेबाची वही वाटते. दांडिया बाजारात बोलताना हे सगळं चालून जातं, फलकावर मात्र खटकतं.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल कार्यालयाच्या संगणकावर नीट दिसते आणि ईमेलमध्ये चिकटवली की अक्षरांचा काला होतो.

नव्या पुस्तकांची यादी दर महिन्याला काढतो. कोणी वाचत नाही. काय करावं?

दोनशे नावांची एकच यादी रसायनशास्त्राच्या माणसाला पाठवली, तर त्याच्या कामाची चार नावं शोधायला त्याने वेळ का घालवावा? यादी विभागवार तोडा. एका निरोपात दहा ते पंधरा नावं पुरे. प्रत्येक नावापुढे वर्गांक, कोणत्या मजल्यावर आणि किती प्रती, एवढं द्या. जमल्यास ओपॅकमधल्या, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेतल्या, नोंदीचा दुवा द्या, म्हणजे तिथूनच राखून ठेवता येतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो घाईमुळे. पुस्तक आलं, बिलाची नोंद झाली, आणि त्याच दिवशी यादी गेली. वाचक येतो तेव्हा पुस्तक तांत्रिक विभागात शिक्के, लेबल आणि बारकोडची वाट पाहत पडलेलं असतं. एकदा हेलपाटा झाला की तो पुन्हा येत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: दाखल नोंद, वर्गीकरण आणि तालिकीकरण, लेबल आणि बारकोड, ओपॅकमध्ये 'उपलब्ध' दिसतंय का ते बघणं, नव्या पुस्तकांच्या मांडणीवर ठेवणं, आणि मगच यादी. मांडणीवर पुस्तकं किमान आठवडाभर राहू द्या, पण राखून ठेवायची सोय पहिल्या दिवसापासून द्या.

करंट अवेअरनेस आणि एसडीआय यांत फरक काय? आमच्यासारख्या लहान ग्रंथालयाला जमेल का?

विभागाला जाणारी नव्या साहित्याची यादी म्हणजे करंट अवेअरनेस. एका माणसाच्या विषयाशी जुळवून त्यालाच पाठवलेली निवडक यादी म्हणजे एसडीआय (सिलेक्टिव्ह डिसेमिनेशन ऑफ इन्फर्मेशन). ही दुसरी कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस संगणकासाठी मांडली. आज ती कागद-पेन्सिल आणि एक ईमेल खातं यांवरही चालते.

वीस संशोधकांपासून सुरुवात करा, सगळ्या विद्यापीठापासून नको. प्रत्येकाकडून एक छोटा फॉर्म भरून घ्या: प्रबंधाचा विषय एका वाक्यात, तीन ते पाच शोधशब्द, नेहमी वाचत असलेली दोन-तीन जर्नल्स, नको असलेला उपविषय, आणि आठवड्याला हवं की महिन्याला. 'नको असलेला' हा रकाना गाळू नका. 'पाणी' म्हणणाऱ्या स्थापत्यशास्त्रज्ञाला पाण्याचं रसायनशास्त्र नको असतं, आणि हे तो विचारल्याशिवाय सांगत नाही.

मग गूगल स्कॉलरवर त्या शोधशब्दांनी शोध घ्या, डाव्या बाजूच्या 'क्रिएट अलर्ट' वर जा आणि ईमेल पत्ता द्या. शब्दसमूह अवतरण चिन्हांत टाकला तर कचरा बराच कमी होतो. जर्नलसाठी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमणिकेचा अलर्ट विनामूल्य लावता येतो. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाच्या निकालांची आरएसएस फीडही (नवी नोंद आली की आपोआप दाखवणारा दुवा) मिळते, म्हणजे आपल्याच संग्रहात त्या विषयाचं नवं काही आलं की कळतं. येणाऱ्यातून पाच-सात निवडा, प्रत्येकासमोर एक ओळ लिहा आणि पुढे पाठवा. ती एक ओळ हेच ग्रंथपालाचं काम, बाकीचं यंत्र करतं. सहा महिन्यांनी फॉर्म पुन्हा दाखवा. विषय सरकलेला असतोच.

कोहामधून मुदतीच्या सूचना आपोआप जाव्यात यासाठी काय काय करावं लागतं?

पाच गोष्टी जुळाव्या लागतात. एक राहिली तरी सूचना जात नाही, आणि नेमकी कोणती राहिली ते पडद्यावर दिसत नाही.

पहिली, सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये एनहान्स्ड मेसेजिंग चालू करणं. दुसरी, बाहेर जाणाऱ्या ईमेलचा एसएमटीपी सर्व्हर भरणं. तिसरी, सभासदांच्या प्रत्येक वर्गासाठी कोणत्या सूचना जायच्या हे ठरवणं: मुदत संपण्याआधीची, मुदतीच्या दिवसाची, राखून ठेवलेलं पुस्तक आल्याची, देवघेवीच्या पावतीची. इथे अनेकांची फसगत होते. वर्गाची निवड बदलली तरी आधीपासून असलेल्या सभासदांना ती आपोआप लागू होत नाही. ती फक्त नव्या सभासदांना लागते. जुन्यांसाठी सर्व्हरवरची वेगळी स्क्रिप्ट चालवावी लागते, ती संगणक विभागाकडून चालवून घ्या.

चौथी, 'टूल्स' मधल्या 'नोटिसेस अँड स्लिप्स' मध्ये मजकूर लिहिणं. मूळचा इंग्रजी साचा कोरडा आणि धमकावणारा वाटतो, तो बदला. पुस्तकाचं नाव, मुदतीची तारीख आणि मुदत वाढवण्याचा दुवा हे तीनच त्यात ठळक असू द्या. मुदतीनंतरच्या सूचनांना 'ओव्हरड्यू नोटिस ट्रिगर्स' मध्ये तीन टप्पे मिळतात. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी हे अंतर बहुतेक ठिकाणी चालतं. सभासदत्व थांबवण्याची खूण तिसऱ्या टप्प्यावरच लावा, पहिल्यावर नको.

पाचवी, सर्व्हरवरची क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामं. सूचना तयार करणारं काम वेगळं आणि रांगेतल्या सूचना बाहेर पाठवणारं काम वेगळं. दोन्ही चालू हवीत.

तपासायला स्वतःच्या ईमेलने एक चाचणी सभासद तयार करा, एक पुस्तक द्या आणि त्याच्या खात्यातलं 'नोटिसेस' पान बघा. सूचना 'पेंडिंग' वर अडकली असेल तर पाठवणारं काम बंद आहे. 'फेल्ड' असेल तर सर्व्हर किंवा पत्ता चुकला आहे. सूचना पानावर दिसतच नसेल तर निवड बंद आहे किंवा तयार करणारं काम चाललेलं नाही.

आणि कॅलेंडर भरा. दिवाळी, होळी, उत्तरायण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण या सुट्ट्या कोहाला आपोआप कळत नाहीत. १४ जानेवारीला सगळं गाव पतंग उडवत असताना 'आज पुस्तक परत करा' असा ईमेल गेला, तर त्याला वाचक हसतो. १५ तारखेचा दंडही लागला, तर मात्र टेबलावर येऊन भांडतो.

एसएमएस सुरू करायचा आहे. परवानगी लागते का?

लागते. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी (मोबाइल कंपन्यांची एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीची ऑनलाइन नोंदवही) वर संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, आणि निरोपाचा साचा हे तिन्ही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. साच्यात बदलत्या शब्दांसाठी जागा सोडायची असते: नाव, पुस्तक, तारीख. पुस्तकाचं नाव लांब असेल तर त्या जागेत मावत नाही आणि निरोप अडतो, म्हणून नावाऐवजी 'आपल्याकडील २ पुस्तकं' असं लिहिणं सोयीचं. निरोपात दुवा द्यायचा असेल तर तोही आधी नोंदवा. मंजूर साच्यापेक्षा एखादा शब्द वेगळा गेला तरी निरोप वाटेतच टाकला जातो.

भाषेचा हिशेब खर्चात मोजा. इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठी किंवा गुजरातीत ७०. त्यापुढे गेलं की निरोपाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात १५३ किंवा ६७ अक्षरंच धरली जातात आणि पैसे तुकड्यांनुसार लागतात. देवनागरीत काना, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, त्यामुळे 'पुस्तक' हा दिसायला तीन अक्षरी शब्द सहा जागा खातो. मुदत आणि राखीव पुस्तक एवढ्यासाठीच एसएमएस ठेवा, बाकीचं ईमेलवर.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करावा, ब्रॉडकास्ट की चॅनेल?

चॅनेल. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, विद्यार्थिनींच्या बाबतीत तर हे अजिबात नको. शिवाय तिसऱ्या दिवशी सुप्रभातचे फुलांचे फोटो सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने आपला नंबर साठवून ठेवलेला नाही त्याला निरोप पोहोचतच नाही. हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. चॅनेलमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

चॅनेल कोणाच्या वैयक्तिक फोनवरून काढू नका. साहाय्यकाची बदली झाली की चॅनेलही जातं. ग्रंथालयाचं स्वतःचं सिमकार्ड घ्या आणि किमान दोन अ‍ॅडमिन ठेवा.

ईमेल स्पॅममध्ये जातो.

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं, संस्थेच्या वर्कस्पेस खात्यातून दिवसाला २००० ईमेल. मर्यादा ओलांडली की खातं दिवसभर अडकतं, आणि नेमका त्याच दिवशी प्राचार्यांचा ईमेल पाठवायचा असतो. संगणक विभागाला विचारा की संस्थेच्या डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (ईमेल खरंच आपल्याच संस्थेकडून आला हे पटवणाऱ्या तीन सोयी) लावलेलं आहे का. २०२४ पासून गूगलने याबाबतचे नियम कडक केले आहेत, आणि रोज पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्याला एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोयही द्यावी लागते. हजारो पत्ते 'टू' मध्ये टाकू नका. कोणीतरी 'रिप्लाय ऑल' करतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं विद्यापीठ 'मला यातून काढा' असं लिहू लागतं.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनबद्दल वाचकांना काय सांगायचं?

जर्नल्सची वर्गणी केंद्र सरकारने एकत्र भरण्याची ही योजना. आधी आपली संस्था त्यात आहे का ते पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून योजना सुरू झाली. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठीय ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्राकडे आहे. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था घेतल्या. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन महाविद्यालयांत एकाला मिळतं आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकतं. 'आता सगळ्यांना सगळं मोफत' असा निरोप कोणीतरी पुढे ढकललेला असतोच. आपल्या वाचकाला नेमकं काय लागू आहे ते एका वाक्यात लिहा.

'१३,००० जर्नल्स उपलब्ध' या वाक्याने कोणी जागचा हलत नाही. भौतिकशास्त्रवाल्यांना भौतिकशास्त्रातली सहा नावं सांगा, समाजकार्यवाल्यांना त्यांची.

घरून वापरायची कृती चित्रांसह एका पानावर द्या. प्रकाशकाच्या पानावर 'इन्स्टिट्यूशनल लॉगिन' किंवा त्याच अर्थाचं बटण कुठे आहे, इन्फेड फेडरेशनमधून (संस्थेच्या एकाच पासवर्डने अनेक प्रकाशकांची पानं उघडून देणारी सोय) संस्थेचं नाव कसं निवडायचं, आणि कोणता पासवर्ड टाकायचा. वाचक गूगलवरून थेट लेखावर जातो, तिथे पैसे मागणारी चौकट दिसते आणि तो मागे फिरतो. नेमक्या त्या जागी काय करायचं याचं चित्र द्या.

ही कृती पाठवण्याआधी स्वतः करून बघा, पण परिसरातल्या वाय-फायवर बघू नका. तिथे आयपी, म्हणजे संस्थेच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, ओळखला जातो आणि लॉगिन न करताच लेख उघडतो, मग आपल्याला वाटतं सगळं छान चाललं आहे. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर, खाजगी खिडकीत, विद्यार्थ्याच्या खात्याने उघडून पाहा.

याच निरोपात एक इशाराही असू द्या: एखाद्या सॉफ्टवेअरने अंकच्या अंक एका दमात उतरवू नका. प्रकाशकाला ते कळतं आणि तो सगळ्या परिसराचा प्रवेश तोडतो.

चाचणीसाठी आलेल्या डेटाबेसची जाहिरात करावी का?

करावी, पण संपण्याची तारीख पहिल्याच ओळीत. आणि चाचणी संपल्यावर 'संपली, घ्यायचा का ते कळवा' असा दुसरा निरोप पाठवा. नाहीतर वाचकाला वाटतं, आपलं ग्रंथालय बिघडलं.

वर्षभरात कधी काय सांगायचं?

जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी फक्त तीन गोष्टी: ओळखपत्र, किती पुस्तकं किती दिवस, आणि ओपॅकवर कसं शोधायचं. पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त डोक्यात शिरत नाही. डेटाबेसची सत्रं पहिल्या असाइनमेंटच्या आठवड्यात. वाङ्मयचौर्याची तपासणी कशी होते, आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मजकुरातल्या साम्याच्या १० टक्के, ४० टक्के आणि ६० टक्के या पायऱ्यांचा अर्थ काय, हे प्रबंध सादर करण्याच्या दोन-तीन महिने आधी सांगा. सादर करण्याच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, तेव्हा दुरुस्तीला वेळच नसतो.

नवरात्रात संध्याकाळी सातनंतर बडोद्यात निरोप पाठवू नये. पाठवायलाही कोणी जागेवर नसतं.

प्राध्यापकांना कसं कळवायचं?

प्रत्येक विभागासाठी ग्रंथालयातला एक माणूस नेमा आणि त्याचं नाव-फोन विभागाला कळवा. वर्गात दहा मिनिटं मागा, तासभर मागू नका. दहा मिनिटांत एकच गोष्ट करून दाखवा, तीही त्याच आठवड्यात शिकवल्या जाणाऱ्या विषयावर. परिपत्रक विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून राहतं. सरांनी वर्गात उच्चारलेलं एक वाक्य मात्र साठ जणांना त्याच तासाला पोहोचतं.

पोस्टरवर क्यूआर कोड केवढा हवा?

वाचणाऱ्याच्या अंतराचा दहावा भाग. हातभरावरून वाचायच्या टेबलवरच्या कार्डावर ४ ते ५ सेंटिमीटर पुरे. दीड मीटरवरून वाचायचा भिंतीवरचा कोड १५ सेंटिमीटरचा हवा. भोवती कोडच्या चार ठिपक्यांएवढी मोकळी पांढरी जागा सोडा, नक्षी नको. विनामूल्य मिळणारे 'बदलता येणारे' कोड बऱ्याचदा मुदतीनंतर बंद पडतात, म्हणून कोडमध्ये सरळ आपल्याच संकेतस्थळाचा दुवा भरा आणि ते पान बदलत राहा. कोडखाली तोच पत्ता अक्षरांतही छापा. जिन्याखाली जिथे नेटवर्क येत नाही तिथे कोड लावण्यात अर्थ नाही.

अंध आणि कमी दिसणाऱ्या वाचकांचं काय?

पोस्टरचा फोटो ही सूचना नव्हे, निदान त्यांच्यासाठी तरी नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं नीट वाचता येतील याची खात्री नसते. चित्रासोबत तोच मजकूर अक्षरांत टाका, प्रत्येक वेळी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, तो ग्रंथालयाच्या एका संगणकावर बसवा आणि आपलं पान एकदा कानांनी ऐका. 'इथे क्लिक करा', 'इथे क्लिक करा' असं सात वेळा ऐकलं की दुव्याला नाव का द्यायचं ते समजतं.

पावसात अचानक ग्रंथालय बंद करावं लागलं तर?

विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शहराने ते अनुभवलं आहे. मजकूर पावसाळ्याआधी तयार ठेवा, फक्त तारीख भरायची बाकी ठेवा. त्यात चार गोष्टी असाव्यात: बंद कधीपर्यंत किंवा पुढची खबर किती वाजता, मुदत संपणाऱ्या पुस्तकांचा दंड लागणार नाही, ऑनलाइन काय चालू आहे, आणि परतीच्या पेटीत पुस्तकं टाकू नका. ही शेवटची सूचना लोक विसरतात. बाहेरची पेटी भिजली तर आतली सगळी पुस्तकं जातात.

दंड लागणार नाही असं लिहिलं की तो खरंच लागू नये. कोहामध्ये मुदतीच्या तारखा एकत्र पुढे ढकलण्याचं साधन आहे, ते त्याच दिवशी वापरा. आणि खरी खबर कुठे मिळेल याची एकच जागा ठरवा, समजा संकेतस्थळाचं पहिलं पान. बाकी सगळीकडून तिथेच बोट दाखवा.

थकबाकीदारांची यादी फलकावर लावू का?

नको. कोणी कोणतं पुस्तक नेलं ही त्याची खाजगी बाब आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर असल्या याद्यांबाबत आणखी जपावं लागतं. शिवाय उपयोगही होत नाही. ज्याला लाज वाटते तो आधीच पुस्तक परत करतो.

उपयोग झाला की नाही हे कसं कळणार?

किती जणांना निरोप गेला हे मोजू नका. सेवेचा वापर मोजा: सूचनेच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे. डेटाबेससाठी प्रकाशकाकडून वापराचे आकडे देणारा 'काउंटर' नावाचा अहवाल मागता येतो. टेबलावरची प्रश्नांची वही इथे पुन्हा कामाला येते. 'घरून उघडत नाही' हा प्रश्न आठवड्याला वीस वेळा येत होता आणि आता पाच वेळा येतो, तर सूचना पोहोचली. तेवढाच येत राहिला तर मजकूर बदला, ढीग वाढवू नका. दुसरी सोपी पद्धत: दहा वाचकांना सूचना द्या आणि म्हणा, "हे वाचून करून दाखवा." ते कुठे अडखळतात ते पाहा. मध्ये बोलू नका, हे कठीण जातं.

जुन्या सूचना कधी काढायच्या?

लावतानाच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढण्याची तारीख लिहा, आणि दर शनिवारी बंद करण्याआधी कोणीतरी एक फेरी मारून त्या तारखेच्या सूचना उतरवाव्यात. मागच्या दिवाळीची वेळ अजून टांगलेली असेल, तर शेजारची आजची सूचनाही कोणी खरी मानत नाही. संकेतस्थळावर आणि कोहाच्या बातम्यांतही संपण्याची तारीख भरायला रकाना असतो. तो रिकामा सोडू नका.